चोल्लिमा

चोल्लिमा : दिवसाला हजार ली दौडणारा, पूर्व आशियाई दंतकथांमधला घोडा. हे नाव कोरियन; मूळ चिनी शब्द छ्यानलीमा, म्हणजे शब्दशः ‘हजार ली घोडा’. ली हे माप काळागणिक बदलत गेले, तरी हिशेब ढोबळमानाने चारपाचशे किलोमीटरांचा होतो. समुद्रमंथनातून वर आलेल्या उच्चैःश्रव्यासारखी याची ठरीव जन्मकथा नाही. नावात अंतर आहे, तीच त्याची ओळख.

चिनी वाङ्मयात घोड्याइतकेच महत्त्व आहे ते त्याला ओळखणाऱ्याला. बो-ल हा नामांकित अश्वपरीक्षक. थायहांग पर्वताच्या चढणीवर मिठाची गाडी ओढताना धापा टाकणारा म्हातारा घोडा त्याला दिसला. बो-ल गाडीतून उतरला, रडला, आणि अंगावरचे वस्त्र त्याने घोड्यावर पांघरले. तेव्हा घोडा मान वर करून खिंकाळला. थांग काळातील लेखक हान यू (७६८–८२४) याने हीच खंत नेमकी मांडली : असे घोडे नेहमीच असतात, बो-ल मात्र नेहमी नसतो. असा घोडा इतरांपेक्षा कितीतरी जास्त खातो. मोतद्दार त्याला चारचौघांसारखाच दाणा घालतो आणि वर ‘देशात चांगला घोडाच नाही’ म्हणतो. टोमणा अर्थातच गुणी माणसांची कदर न करणाऱ्या दरबाराला आहे.

दुसरी कथा यान राज्याच्या चाव राजाला सांगितलेली. एका सेवकाने मेलेल्या चोल्लिमाची हाडे पाचशे सुवर्णमुद्रांना आणली. धनी संतापला, पण हाडांना एवढा भाव देणारा जिवंत घोड्याला किती देईल, ही बातमी पसरली आणि वर्षभरात असे तीन घोडे दारी आले.

उत्तर कोरियात घोड्याचा अर्थ पालटला. युद्धात उद्ध्वस्त झालेला देश झपाट्याने उभारण्यासाठी किम इल-सुंगने १९५६च्या अखेरीस उत्पादनवाढीची हाक दिली; त्यातून चोल्लिमा चळवळ उभी राहिली. पारख मागे पडली, वेग तेवढा उरला, आणि तोही कारखान्याच्या उद्दिष्टांत मोजलेला. प्याँगयांगच्या मानसू टेकडीवर १९६१मध्ये ४६ मीटर उंचीचे स्मारक झाले. पंख पसरलेल्या घोड्यावर एक कामगार आणि भाताची पेंढी घेतलेली शेतकरी स्त्री बसली आहे. १९६६च्या विश्वचषकात इटलीला १–० असे हरवणारा त्या देशाचा फुटबॉल संघही ‘चोल्लिमा’ म्हणूनच ओळखला जातो. २०१६च्या सुमारास हजारही अपुरे वाटू लागले आणि ‘माल्लिमा’, म्हणजे दहा हजार लींचा घोडा, घोषणांत आला.