चोवीस तास ॲडमिट नसाल तरी मेडिक्लेम मिळतो

‘२४ तास दवाखान्यात काढले नाहीत तर मेडिक्लेम मिळत नाही,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याला आधार आहे: बहुतेक पॉलिसींत २४ तासांची अट असतेच. पण तिला अपवादही आहे, आणि मेसेजमध्ये नेमका तोच गळतो.

मोतीबिंदूचंच बघा. पूर्वी मोठा छेद, टाके, मग काही दिवस डोळ्यावर पट्टी बांधून पडून राहायचं. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंग बसवतात, पेशंट संध्याकाळी घरी. तंत्र सुधारल्यामुळे मुक्काम कमी झालेल्या अशा उपचारांना पॉलिसीत ‘डे केअर’ म्हणतात, आणि तोच हा अपवाद. डायलिसिस, केमोथेरपीही सहसा त्यातच. नुसती ओपीडीतली तपासणी मात्र नाही.

खात्री करायची तर पॉलिसीच्या कागदांत ‘डे केअर’ची व्याख्या आणि यादी काढा. मग प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यावर किती काळ क्लेम मिळत नाही तो) आणि रकमेची मर्यादा पाहा. मोतीबिंदूला या दोन्ही बऱ्याचदा असतात, क्लेम खरा अडतो तो इथे. ऑपरेशनआधी दवाखान्याच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या काउंटरवर, विचारून घ्या. केवळ क्लेमसाठी आजी-आजोबांना रात्रभर परक्या खाटेवर ठेवू नका. डिस्चार्ज कार्ड आणि भिंगाचं स्टिकर तेवढं जपून ठेवा.