घराच्या आवारातील झाड तोडणे किंवा छाटणे : परवानगीची पात्रता, कागदपत्रे आणि ठेकेदाराची निवड

पावसाळा तोंडावर आला की गृहनिर्माण संस्थांच्या सभेत झाडांच्या छाटणीचा विषय हमखास निघतो. कोणीतरी ओळखीचा छाटणीवाला सुचवतो, रविवार ठरतो आणि महापालिकेची परवानगी घ्यायची असते याची आठवण पहिली फांदी खाली आल्यावर, शेजाऱ्याने तक्रार केल्यावर होते. हा क्रम उलटा आहे. शहरी भागात घराच्या आवारातल्या झाडाला हात लावायचा असेल तर आधी परवानगी आणि मग ठेकेदार, असाच क्रम कायद्याला अपेक्षित आहे. ठेकेदाराने काय करायचे आणि कुठे थांबायचे हे परवानगीच्या पत्रावरच ठरत असल्यामुळे व्यवहाराच्या दृष्टीनेही हाच क्रम सोयीचा ठरतो.

महाराष्ट्रातील महानगरपालिका आणि नगर परिषदांच्या हद्दीत या विषयाला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. आपल्या मालकीच्या जागेत आपणच लावलेले झाडसुद्धा पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही, हे या कायद्याचे मूळ सूत्र आहे. त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांची व्याख्या बरीच व्यापक केलेली असून झाड जाळणे, कापणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हे सारे तिच्यात मोडते. ‘आम्ही तोडले नाही, फक्त छाटले’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. बुंध्याला खिळे ठोकणे, मुळांशी रसायन ओतणे किंवा शेंडा उडवून झाडाचे बोडके खोड उभे ठेवणे हेही इजेचेच प्रकार आहेत. दुसरी महत्त्वाची बाब अशी की तोडणारा आणि तोडायला लावणारा असे दोघेही कायद्याच्या कक्षेत येतात. करवत ठेकेदाराच्या हातात होती म्हणून मालक सुटत नाही. विनापरवाना तोडीसाठी कैद आणि दंड अशा दोन्ही शिक्षांची तरतूद असून प्रत्येक झाड हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो.

अर्ज कोणी करायचा हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. जमिनीचा मालक किंवा कायदेशीर ताबेदार अर्ज करू शकतो. जागा सामाईक असेल तर सर्व सहमालकांच्या सह्या किंवा ना हरकत पत्रे जोडावीत, कारण बहुतेक अर्ज इथेच अडकतात. भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीने अर्ज करावा. गृहनिर्माण संस्थेत झाड कोणा एका सदस्याच्या खिडकीसमोर असले तरी ते संस्थेच्या जागेत असते, त्यामुळे अर्ज संस्थेच्या नावाने, अध्यक्ष किंवा सचिवांच्या सहीने आणि व्यवस्थापन समितीच्या ठरावाच्या प्रतीसह जातो. रस्त्याच्या कडेचे झाड महापालिकेचे असल्याने त्यासाठी उद्यान विभागाकडे तक्रार किंवा विनंती नोंदवावी. तिथे खासगी ठेकेदार नेमण्याचा प्रश्नच येत नाही. शेजारच्या आवारातल्या झाडाच्या फांद्या आपल्या छपरावर आल्या असतील तर आधी शेजाऱ्याला लेखी कळवावे आणि त्याने दाद दिली नाही तर वृक्ष अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली झाडांची प्रकरणे पाहणाऱ्या महापालिकेच्या अधिकाऱ्याकडे, जावे. आपल्या बाजूला आलेली फांदी परस्पर कापल्याने वाद मिटण्याऐवजी वाढतोच.

ग्रामीण भागाची व्यवस्था वेगळी आहे. तिथे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो आणि त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, चंदन, ऐन, अंजन अशी झाडे आहेत. पुढील माहिती प्रामुख्याने शहरी भागापुरती आहे.

आता कागदपत्रे पाहू. मालकी दाखवण्यासाठी मिळकत पत्रिका किंवा सातबारा उतारा, मालमत्ता कराची चालू वर्षाची पावती आणि अर्जदाराचे ओळखपत्र लागते. संस्थेच्या बाबतीत नोंदणी प्रमाणपत्र आणि ठराव यांची भर पडते. जागेचा नकाशा जोडणे कायद्यानेच आवश्यक केले आहे. तो वास्तुविशारदाकडून काढून घेतलेला असला पाहिजे असे नाही, मात्र इमारत, संरक्षक भिंत, रस्ता आणि प्रत्येक झाडाची जागा क्रमांकासह त्यात स्पष्ट दिसली पाहिजे. त्याच क्रमाने झाडांची रंगीत छायाचित्रे लावावीत. एक छायाचित्र संपूर्ण झाडाचे आणि एक धोक्याच्या जागेचे, म्हणजे पोकळी, तडा, झुकलेली फांदी किंवा भिंतीला गेलेली भेग यांचे असावे. बांधकामासाठी झाडे काढायची असतील तर मंजूर नकाशा व बांधकाम परवानगीच्या प्रती लागतात आणि बदली झाडे लावण्याचे हमीपत्रही द्यावे लागते. बऱ्याच महापालिका प्रत्येक झाडामागे अनामत रक्कम भरून घेतात. तिचा दर आणि अर्जाचा नमुना महापालिकेगणिक बदलतो, म्हणून तो विभाग कार्यालयातून किंवा महापालिकेच्या संकेतस्थळावरून आधीच घेऊन ठेवावा.

अर्जाच्या मजकुराकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते निम्मी दिरंगाई तिथूनच सुरू होते. ‘आमच्या आवारातील झाड धोकादायक झाले असून ते तोडून मिळावे’ एवढ्या एका वाक्यावर पाहणी करणाऱ्याला काहीच बोध होत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे : ‘झाड क्र. २, गुलमोहर, इमारतीच्या पूर्वेकडील संरक्षक भिंतीपासून सुमारे २ मीटर अंतरावर. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर १ मीटर ४० सेंटिमीटर. बुंध्याशी उत्तरेकडून पोकळी असून तिच्या कडेला बुरशीची छत्रे उगवली आहेत. वाहनतळावर आलेली मुख्य फांदी वाळलेली आहे. सदर फांदी काढण्याची व उर्वरित झाडाची समतोल छाटणी करण्याची परवानगी मिळावी.’ छातीची उंची म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३ मीटर. तिथे शिंप्याची टेप बुंध्याभोवती गुंडाळली की घेर मिळतो. जात, घेर, अंतर, कारण आणि नेमकी मागणी या पाच गोष्टी अर्जात असल्या तर स्थळपाहणी पहिल्याच फेरीत उरकते. तोडीची मागणी करण्याआधी छाटणीने काम भागते का याचाही प्रामाणिक विचार व्हावा, कारण छाटणीची परवानगी बहुतेक ठिकाणी उद्यान विभागाच्या पातळीवरच मिळते, तर तोडीचे प्रकरण वृक्ष प्राधिकरणापर्यंत, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या समितीपर्यंत, जाते.

तोडीचा अर्ज दाखल झाल्यावर वृक्ष अधिकारी स्वतः झाडाची पाहणी करून अहवाल देतो. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते आणि झाडावरही दिसेल अशा जागी नोटीस लावली जाते, जेणेकरून परिसरातल्या कोणालाही नोटिशीतील मुदतीत हरकत नोंदवता यावी. ती नोटीस फाडू नये, पाऊस असेल तर उलट प्लास्टिकमध्ये घालून जपावी. नोटीस लागलीच नव्हती असा आक्षेप नंतर आला तर तिचे तारखेसह काढलेले छायाचित्र कामी येते. अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हावा अशी अपेक्षा कायद्यात आहे. झाड मेलेले, रोगट किंवा वाऱ्याने उन्मळलेले असेल, त्यापासून जीविताला वा मालमत्तेला धोका असेल, ते वाहतुकीला अडथळा ठरत असेल अथवा आग, वीज, पाऊस यांनी त्याची मोठी हानी झाली असेल तर परवानगी नाकारली जाऊ नये, असेही कायदा सांगतो. पालापाचोळा पडतो, पक्षी गाड्या घाण करतात किंवा दुकानाची पाटी झाकली जाते ही कारणे या यादीत नाहीत. अर्जाची पोचपावती जपून ठेवावी आणि मुदत उलटली तर लेखी स्मरणपत्र द्यावे. कार्यालय गप्प आहे म्हणून करवत लावू नये. तोडीची परवानगी हाती आल्यानंतरही १५ दिवस थांबावे लागते, ज्यायोगे निर्णयाविरुद्ध कोणाला दाद मागायची असल्यास त्याला तो अवधी मिळावा.

सन २०२१ च्या दुरुस्तीने या कायद्याचे स्वरूप पुष्कळ बदलले. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला आता पुरातन वृक्षाचा दर्जा आहे. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले, म्हणजे ३० वर्षांच्या झाडाच्या बदल्यात ३० रोपे, आणि तीही किमान ६ फूट उंचीची. ती पुढे ७ वर्षे जगवायची असतात. छोट्या आवारात इतकी जागा कुठून आणायची, ही अडचण खरी आहे. अशा वेळी नुकसानभरपाईची रक्कम भरण्याचा पर्याय दिलेला आहे. हा हिशेब आधीच मांडला तर तोडीऐवजी छाटणीवर समाधान मानणाऱ्या संस्थांची संख्या वाढेल असे मला वाटते.

परवानगी हाती आली की ठेकेदाराचा प्रश्न येतो. काही महापालिकांकडे छाटणीच्या ठेकेदारांची यादी असते. ती मागून घ्यावी. यादी नसेल तर किमान दोघांकडून लेखी दरपत्रक घ्यावे, आणि तेही दूरध्वनीवर नव्हे तर जागेवर येऊन झाड पाहिल्यानंतरच दिलेले असावे. जो झाडाभोवती फेरी न मारता आकडा सांगतो, त्याने विजेच्या तारा, गच्चीवरची पाण्याची टाकी आणि खालची वाहने यांचा विचार केलेला नसतो. त्याच्याकडे कामगारांचा विमा आणि त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा आहे का, वर चढणाऱ्यासाठी हेल्मेट, सुरक्षा पट्टा आणि दोर आहेत का, मोठ्या फांद्या दोराने बांधून उतरवणार की तशाच खाली सोडणार, हे विचारून घ्यावे. विम्याच्या पत्राची प्रत मागितल्यावर जो चिडतो त्याला काम देऊ नये, एवढा साधा निकष पुरतो.

‘छाटणी फुकट करून देतो, लाकूड आम्ही नेणार’ असे सांगणाऱ्यांपासून विशेष जपावे. त्यांची मजुरी लाकडातून सुटत असल्यामुळे वाळक्या काटक्यांपेक्षा जाड, निरोगी फांद्यांकडेच त्यांचे लक्ष असते. मी पाहिलेल्या एका आवारात दोन फांद्यांची परवानगी असताना दुपारपर्यंत रेन ट्रीचे अर्धे छत्र ट्रकमध्ये चढले होते, आणि खुलासा मात्र संस्थेच्या सचिवांना द्यावा लागला. लाकूड कोणी न्यायचे हे कार्यादेशात, म्हणजे ठेकेदाराला काम सोपवणाऱ्या लेखी पत्रात, लिहावे. साग, खैर, चंदन यांसारख्या जातींचे लाकूड वन विभागाच्या वाहतूक परवान्याशिवाय हलवू नये.

कार्यादेश एका पानाचा असला तरी चालेल, पण त्यात परवानगीचा क्रमांक व दिनांक, झाडांचे क्रमांक, प्रत्येक झाडाचे नेमके काम, फांद्या व पालापाचोळा उचलण्याची जबाबदारी, नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यायची आणि रक्कम कोणत्या टप्प्यांत द्यायची हे असावे. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. फांद्या व पालापाचोळा उचलून झाल्यावर जागेची पाहणी होईपर्यंत काही भाग राखून ठेवावा. परवानगीची एक प्रत काम सुरू असताना जागेवर असावी, कारण पोलीस किंवा उद्यान विभागाचे कर्मचारी पहिल्यांदा तीच मागतात.

छाटणी कशी झाली हे ओळखायला तज्ज्ञ असावे लागत नाही. जाड फांदी तीन कापांत काढली जाते. पहिला काप खोडापासून वीतभर अंतरावर खालून, थोडासाच दिलेला; दुसरा त्याच्या जरा पुढे वरून, ज्याने फांदी तुटून खाली येते आणि खोडाची साल सोलली जात नाही; आणि तिसऱ्या कापाने उरलेला खुंट काढला जातो. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा किंचित फुगीर कडा असतो. शेवटचा काप त्या कड्याच्या लगेच बाहेर हवा, कारण जखम भरून काढणारी वाढ तिथूनच होते. कडा कापून खोडाशी सपाट केली तर जखम मोठी होते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत जातो. एका वेळी छत्राचा पाव भागाहून अधिक हिस्सा काढू नये आणि एकाच बाजूच्या फांद्या उडवू नयेत, कारण तोल गेलेले झाड पुढच्या वादळात पडण्याची शक्यता वाढते. जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याची गरज नसते.

झाडाजवळून विजेची तार जात असेल तर महावितरण किंवा तिथल्या वीज कंपनीच्या कार्यालयात आधी अर्ज देऊन कामाच्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्यावा. घरट्यांचीही पाहणी करावी; वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणे शिकारीच्या व्याख्येत येते. बगळे आणि ढोकरी ऐन पावसाळ्यात वीण करतात, त्यामुळे त्यांच्या वसाहती असलेल्या झाडांचे काम पावसाआधीच उरकावे किंवा पिल्ले उडून जाईपर्यंत थांबावे.

झाड कोसळण्याच्या बेतात असेल तर खासगी माणूस वर चढवण्याऐवजी अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर किंवा महापालिकेच्या आपत्ती कक्षाला कळवावे. मुंबईत आपत्ती कक्षाचा क्रमांक १९१६ आहे. खालची जागा मोकळी करावी, झाडाची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि त्याच दिवशी वृक्ष अधिकाऱ्याला लेखी माहिती द्यावी.

काम संपल्यावर आधीची आणि नंतरची छायाचित्रे, परवानगीची प्रत व ठेकेदाराची पावती एका धारिकेत लावावी. बदली रोपे परवानगीतील अटीप्रमाणे, सर्वसाधारणपणे झाड तोडल्यापासून ३० दिवसांत, लावून त्यांची जागा दाखवणारी छायाचित्रे उद्यान विभागाला सादर करावीत. अनामत परत मिळण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि रोपे जगल्याची पाहणी झाल्यावरच ती मिळते, म्हणून मूळ भरणा पावती संस्थेच्या दप्तरात, पुढच्या समितीलाही सापडेल अशा जागी ठेवावी.