आतड्याचे ऑर्गनॉइड आणि सिस्टिक फायब्रोसिस

ऑर्गनॉइड म्हणजे मूलपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली, खसखशीच्या दाण्याहूनही लहान अशी अवयवाची प्रतिकृती. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हान्स क्लेव्हर्स आणि तोशिरो सातो यांनी 2009 मध्ये उंदराच्या आतड्यातील एकेका मूलपेशीपासून आतड्याचे अस्तर वाढवून दाखवले. दोन वर्षांत माणसाच्या आतड्याचे ऑर्गनॉइडही तयार झाले.

त्याचा सर्वांत बोलका उपयोग सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात झाला. सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर जनुकात दोष असला की पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारी वाट बंद पडते किंवा तयारच होत नाही. फुप्फुसात आणि स्वादुपिंडात चिकट स्राव साचतो. घाम इतका खारट असतो की बाळाची पापी घेतानाही ते जाणवते. या जनुकाचे दोन हजारांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. दुर्मीळ प्रकाराचे रुग्ण इतके थोडे, की त्यांच्यासाठी औषधाची रीतसर चाचणी उभारणेच अवघड.

इथे ऑर्गनॉइड मदतीला येते. रुग्णाच्या गुदाशयातून अस्तराचा बारीकसा तुकडा काढतात. तिथे वेदना जवळपास होत नाही. त्यातील मूलपेशी जेलच्या थेंबात वाढवल्या की आतून पोकळ गोळे तयार होतात. त्यांना फोर्स्कोलिन हे क्लोराइडची ती वाट उघडायला लावणारे रसायन दिले की निरोगी माणसाचे गोळे तासाभरात पाण्याने टम्म फुगतात. रुग्णाचे मात्र जवळजवळ तसेच राहतात. आता औषध देऊन पुन्हा पाहायचे. फुगले, तर त्या रुग्णाला ते औषध लागू पडण्याची आशा धरता येते. 2013 मध्ये उट्रेख्टच्याच गटाने ही चाचणी मांडली, आणि पुढे दुर्मीळ दोष असलेल्या काही रुग्णांना तिच्या आधारे औषध मिळाले. औषध चालेल की नाही, हे रुग्णाच्या शरीराआधी त्याच्याच पेशींना विचारता यावे, ही मोठी गोष्ट आहे.

आजार मुख्यतः फुप्फुसाचा असूनही आतडे चालते, कारण तेथील ही फुगण्याची क्रिया सर्वस्वी सीएफटीआरवरच अवलंबून असते. मात्र या गोळ्यांत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात, प्रतिकारपेशीही नसतात. त्यामुळे वारंवार होणारा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग त्यांत दिसत नाही.

भारतात हा आजार जवळपास नाहीच, असा समज दीर्घकाळ होता. तो चुकीचा ठरला. युरोपात सर्वाधिक आढळणारा एफ508डेल हा दोष इथल्या रुग्णांत त्या मानाने कमी सापडतो; म्हणजे दुर्मीळ प्रकारांसाठीची ही चाचणी इथेच अधिक हवी.