गायीच्या खुराची गरमी बघणारा कॅमेरा

गायीचा पाय दुखतोय हे वेळेवर कळत नाही कारण ती दाखवतच नाही. कळपात जो मागे पडला तो वाघाच्या तोंडी, हे गुरांच्या अंगात पिढ्यानपिढ्या मुरलंय, त्यामुळे गोठ्यात वाघ नसला तरी ती दुखरा पाय टेकवून गप उभी राहते आणि आपल्या लक्षात येतं तेव्हा चांगलीच लंगडायला लागलेली असते, दूधही उतरलेलं असतं. खुणा तशा आधीपासून असतात. चालताना पाठ कमानीसारखी वर येते, उभी असताना मागचा एकच पाय सारखा उचलून हलका करते. पण पन्नास गायींच्या धारा काढायच्या घाईत हे बघायला वेळ कुणाला असतो?

इथे थर्मल कॅमेरा कामाला येतो. प्रत्येक वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडत असतात. 1800 साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे, थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला, तेच हे किरण. कॅमेरा ते पकडतो आणि गरम भाग पिवळा-पांढरा, थंड भाग निळा-जांभळा असं चित्र दाखवतो. तो आत वगैरे बघत नाही हं, फक्त वरच्या कातडीचं तापमान कळतं. पण खुरात सूज आली की तिकडे रक्त जास्त धावतं आणि कातडी तापते. खुराचं कठीण कवच आपल्या नखासारखं, त्यात रक्तच नाही, म्हणून बघायचं ते कवच आणि कातडी जिथे मिळतात ती पट्टी आणि मागची टाच.

इंग्लंडात ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी 2012 साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. गायींच्या मागच्या पायांचे फोटो घेतले, मग पाय उचलून खरंच जखम आहे का ते तपासलं. 27 अंश सेल्सिअसची रेघ धरली, म्हणजे त्याहून गरम पाय तो संशयित, तर जखमा असलेले 80 टक्के पाय बरोबर सापडले आणि निरोगी पायांपैकी 73 टक्के निरोगी म्हणून ओळखले गेले. म्हणजे बाकीचे निरोगी पाय उगाच संशयात आले. तरी मला हा आकडा मोलाचा वाटतो, कारण प्रत्येक गायीचे चारही पाय खोड्यात घालून उचलणं रोज कुणालाच जमत नाही, कॅमेरा निदान कुठला पाय आधी उचलायचा ते सांगतो. रोग कुठला ते मात्र सांगत नाही. तळव्याला व्रण पडलाय, की 1974 साली इटलीत पहिल्यांदा नोंदवलेला डिजिटल डर्मटायटिस आहे, जो टाचेजवळच्या कातडीवर लालभडक होतो आणि हात लावला तरी गाय पाय झटकते, हे शेवटी डोळ्यांनीच बघावं लागतं. (लाळ्या-खुरकूत हा वेगळा विषय, तो विषाणूचा, त्यासाठी लस आहे.)

आता कोब्यावर उभ्या असलेल्या आपल्याकडच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी दुधाळ जातीच्या) गायींसाठी हे वापरायचं तर तो 27 अंशांचा आकडा जशाच्या तसा उचलू नका प्लीज. एप्रिल-मे मध्ये दुपारी हवाच 40 अंशांवर जाते, मग सगळेच पाय गरम दिसणार. त्यापेक्षा त्याच गायीचे मागचे दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून बघा, एकाची पट्टी पिवळी आणि दुसऱ्याची निळसर दिसली तर तिथे शंका घ्यायची. दोन्ही पाय एकदम दुखत असतील तर ही तुलना फसते, तेव्हा बाकीच्या गायींशी ताडून बघावं लागतं. फोटो पहाटे सावलीत घ्या, उन्हातून आलेल्या गायीचा लगेच नको, आणि पाय नुकते धुतले असतील तर थांबा कारण पाणी उडताना कातडी गार करतं आणि तापलेला पाय नॉर्मल दिसतो. नुकत्याच व्यायलेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गायींचे पाय मुळातच थोडे गरम असतात हेही धरून चला. गाय चांगली असतानाचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवलात तर पुढे तुलनेला तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, आणि फरक दिसला की पाय उचलून खुरसाळणीवाल्याला (वाढलेले खूर कापून नीट करणाऱ्याला) किंवा जनावरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.