गेटिसबर्गचा कातळ

जुलै 1863. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग या लहानशा गावाबाहेर अमेरिकी यादवीतल्या दोन फौजा तीन दिवस झुंजल्या. मेलेले, जखमी, बेपत्ता आणि पकडलेले मिळून आकडा 51,000च्या आसपास जातो. दक्षिणेचा सेनापती ली नेमका कुठे चुकला, यावर अजून वाद झडतात. माझं लक्ष मात्र तिथल्या दगडाकडे जातं.

साधारण 20 कोटी वर्षांपूर्वी पँजिया हा महाखंड फाटू लागला. तेव्हा इथल्या तांबड्या गाळाच्या खडकांत शिलारस घुसला आणि वर न येता जमिनीखालीच थिजला. हा डायबेस. घटक बरेचसे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखेच. पण सावकाश निवल्यामुळे कण जाडसर. पुढे गाळाचा मऊ खडक झिजून सपाट शेतजमीन झाली, डायबेस टेकड्या होऊन उभा राहिला. कल्प्स हिल, सेमेटरी रिज, लिटल राउंड टॉप: उत्तरेच्या फौजेने धरलेली ही सगळी ठाणी त्याच कातळावरची.

उंची मिळाली, पण खंदक खणायचे कुठे? मातीचा थर पातळ, खाली पहार लागेना. मग दगडांवर दगड रचून आडोसे उभे राहिले. शेतकऱ्यांनी नांगरताना वेचून बांधावर रचलेले गडगेही कामी आले. ‘डेव्हिल्स डेन’ तर धोंड्यांचा नुसता खच! भेगांत पाणी मुरतं, कोपरे आधी झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखा खडक सोलवटत गोल होतो. असे गोटे आपल्याकडेही घाटात दिसतात. 2 जुलैला ही जागा दक्षिणेच्या हाती पडली आणि तिचे नेमबाज या धोंड्यांआडून समोरच्या लिटल राउंड टॉपवर गोळ्या झाडू लागले.

3 जुलैला दुपारी लीने सुमारे 12,500 माणसं सेमेटरी रिजवर सोडली. मध्ये सव्वा किलोमीटरभर शेतं, म्हणजे तोच झिजलेला मऊ खडक. लपायला किरकोळ उंचवटे. वाटेतली कुंपणं तर तोफांच्या माऱ्यात ओलांडायची. समोर गडग्यामागे बंदुका. तासाभरात निम्मी माणसं कामी आली, जायबंदी झाली किंवा पकडली गेली. मूठभर लोक गडग्यापलीकडे पोचले, पण टिकले नाहीत.

आज त्याच रणभूमीवर एका छोट्या पुलाच्या कठड्याला जवळच्या खाणीतला गाळाचा दगड बसवलाय. त्यात डायनोसॉरच्या पावलांचे ठसे आहेत. बरेच पर्यटक तोफा पाहत पुढे निघून जातात.