रसायनशास्त्र विभाग, विद्यापीठीय (बेळगाव सीमाभाग)

विद्यापीठातील पदव्युत्तर अध्यापन व संशोधन यांचे एकक. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील मराठी घरांना त्याची ओळख बहुधा दोन वाटांनी होते : घरातले कोणी एम.एस्सी. केमिस्ट्रीला असते, किंवा स्थानिक दैनिकात ‘पीएच.डी. प्रदान’ या मथळ्याखाली ओळखीच्या चेहऱ्याचा छोटा फोटो येतो.

स्वातंत्र्यापूर्वी येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. 1949 मध्ये मुंबईत स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ 1950 मध्ये धारवाडला आले आणि पुढे अनेक वर्षे एम.एस्सी. म्हणजे धारवाड, असेच समीकरण राहिले. त्याच विद्यापीठाच्या बेळगाव येथील पदव्युत्तर केंद्रातून 2010 मध्ये भुतरामहट्टी येथे राणी चन्नम्मा विद्यापीठ उभे राहिले. सीमेपलीकडे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (1962) हा दुसरा ओढा. पदवीचा पाया जीएसएस, आरएलएस यांसारख्या महाविद्यालयांत घातला जातो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावी) एकदम इंग्रजीत पडतो. व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, अडतो तो विषयापेक्षा भाषेमुळे. ही अडचण विभागांच्या कोणत्याही अहवालात दिसत नाही.

विभागाची ‘यशोगाथा’ साधारण ठरीव गोष्टींची असते : नेट, गेट किंवा के-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्यार्थी, मिळालेले संशोधन अनुदान, प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, पेटंट. पैकी पेटंटची बातमी जपून वाचावी लागते. भारतात अर्ज दाखल झाल्यावर साधारण 18 महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रकाशित होतो. वेगळी विनंती व शुल्क भरल्यास त्याहून बराच लवकर. हे केवळ प्रकाशन असते. अर्जाची परीक्षा, तपासनिसाचे आक्षेप आणि त्यांना उत्तरे हे सारे त्यानंतर येते, आणि त्यातून तरल्यावरच दाखल तारखेपासून 20 वर्षांचा हक्क मिळतो. बातमीत मात्र ‘पेटंट प्रकाशित’ आणि ‘पेटंट मंजूर’ यांची सर्रास गल्लत होते. उपकरणाच्या नुसत्या बाह्य आकाराची, म्हणजे डिझाइनची, नोंदणीही पेटंट म्हणून मिरवली जाते. शोधनिबंधांच्या संख्येचेही तसेच. पीएच.डी.साठी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमांत काढून टाकली, तरी आकडा सांगण्याची सवय सुटलेली नाही.

खरे पाहता सीमाभागात रसायनाच्या अभ्यासकाला कच्चा माल शोधायला लांब जावे लागत नाही. उगार खुर्दचा साखर कारखाना 1939 चा. अथणी-चिकोडी भाग आज उसाचाच आहे. मळीपासून अल्कोहोल करताना एका लिटरमागे साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवणीचे सांडपाणी, उरतो. त्याचा गडद तपकिरी रंग मेलानॉइडिन या संयुगांचा असतो. जिवाणूंच्या प्रक्रियेतूनही तो सहजी जात नाही, म्हणून अधिशोषण (रंग घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरून ठेवणे), ऑक्सिडीकरण, प्रकाश-उत्प्रेरण (प्रकाशाच्या मदतीने रंगाचे विघटन) असे उपाय तपासले जातात. बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्यात बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात विरघळवून (बायर प्रक्रिया, 1888) अॅल्युमिना वेगळा काढतात. मागे लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल दिसणारा, तीव्र अल्कधर्मी गाळ राहतो. एक टन अॅल्युमिनामागे हा गाळ सर्वसाधारणपणे टनभर किंवा जास्तच भरतो. सिमेंटमध्ये मिसळणे किंवा सांडपाण्यातील रंग व फ्लोराइड शोषून घेणे, असे त्याचे उपयोग सुचवले गेले आहेत. प्रयोगशाळेत ते जमते. ढीग उपसण्याइतक्या प्रमाणावर जमवणे अवघड. निपाणीच्या तंबाखूकडे निकोटिनपुरते पाहिले जाते, पण तंबाखूच्याच पानात सोलानेसोल हा लांब साखळीचा अल्कोहोल असतो आणि कोएन्झाइम क्यू-10 हे आहारपूरक द्रव्य तयार करण्यासाठी त्याला मागणी आहे.

खानापूर-चंदगडच्या जंगलातील नरक्या या झाडाची कथा सर्वांत वेगळी. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वॉल आणि वाणी यांनी 1966 मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले. 1972 मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना ते आपल्या नरक्यातही आढळले. टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधे त्याचीच रूपे. परिणामी झाडाला भाव आला आणि घाटात चोरटी तोड सुरू झाली. लाकडातील व मुळांतील द्रव्याचे प्रमाण मिश्रणातील घटक वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्राने मोजणे हा विभागातला नेहमीचा प्रकल्प असला, तरी त्या मोजणीचा उपयोग जंगलात होतो : कोणत्या भागातील झाडांत प्रमाण जास्त, पाने किंवा डहाळ्या काढून भागते का, हे कळल्याशिवाय खोडावरची कुऱ्हाड थांबवण्याचा पर्याय सुचवता येत नाही. बेळगावात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था असल्याने अशा कामाला शेजारही आहे.