मूळव्याधच असेल, असं म्हणण्याआधी

शौचाच्या वेळी रक्त दिसलं की आपण मूळव्याधीवर ठपका ठेवतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण गुदद्वाराच्या कर्करोगाचीही सुरुवात अशीच होते: थोडं रक्त, खाज, दुखणं, हाताला लागणारी छोटी गाठ. मलमं लावण्यात महिने जातात आणि गाठ वाढत राहते.

हा कर्करोग एरवी दुर्मीळ आहे, वर्षाला लाखात एक-दोन जणांना होणारा. एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांमध्ये मात्र हेच प्रमाण लाखात 85च्या आसपास जातं. दहापैकी नऊ रुग्णांत कारण एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) हा विषाणू, त्यातही मुख्यतः 16 क्रमांकाचा प्रकार. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा विषाणू तो हाच. गुदसंभोग कधीच केला नसला तरी तो तिथे पोचू शकतो, त्यामुळे यात लाजण्यासारखं किंवा कुणाकडे बोट दाखवण्यासारखं काहीही नाही.

संसर्ग झाला की लगेच कर्करोग होत नाही. आधी पेशी बदलतात. त्यातल्या गंभीर बदलांना ‘एचएसआयएल’ म्हणतात. हे बदल वेळीच काढून टाकले तर काय होतं, याचं उत्तर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अँकर’ चाचणीने दिलं. एचआयव्ही असलेल्या, 35 वर्षांवरच्या चार हजारांहून अधिक लोकांमध्ये उपचारांमुळे कर्करोगाचं प्रमाण 57 टक्क्यांनी घटलं.

तपासणी कुणी करावी? 2024च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एचआयव्ही असलेले समलिंगी पुरुष आणि ट्रान्सजेंडर स्त्रियांनी 35व्या वर्षापासून. एचआयव्ही असलेल्या इतर सर्वांनी, तसंच एचआयव्ही नसलेले समलिंगी पुरुष व ट्रान्सजेंडर स्त्रियांनी 45पासून. योनिमुखाचा कर्करोग किंवा त्याआधीचे गंभीर बदल आढळले असतील तर निदानानंतर वर्षभरात, आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दहा वर्षांनी.

तपासणीसाठी गुदमार्गातल्या पेशींचा नमुना घेणं मिनिटभराचं काम. पाण्याने ओला केलेला सिंथेटिक स्वॅब साधारण पाच सेंटिमीटर आत सरकवतात आणि बाजूच्या भिंतींवर दाबत, गोल फिरवत हळूहळू बाहेर काढतात. नमुना बिघडतो तो घाईने किंवा जेलमुळे: जेल लावलं की पेशी नीट मिळत नाहीत, म्हणून स्वॅब आधी आणि बोटाने तपासणी नंतर. आदल्या 24 तासांत एनिमा, गुदसंभोग टाळावा. आत कोणतंही औषध घालू नये.

नमुन्यात दोष दिसला तर पुढची पायरी हाय रिझोल्यूशन अ‍ॅनोस्कोपी. छोटी नळी घालून आतल्या भागाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावतात. बदललेला भाग पांढरट दिसू लागतो, भिंगातून तो हेरून त्याचा कणभर तुकडा बायोप्सीसाठी घेतात. एचएसआयएल ठरलं तर तो भाग विजेच्या उष्णतेने जाळतात किंवा त्यावर औषधी मलम वापरतात. हे बदल पुन्हा उगवतात, अनेकांत उगवतातच, म्हणून उपचारानंतरच्या फेऱ्या चुकवू नका.

ही अ‍ॅनोस्कोपी करणारे प्रशिक्षित डॉक्टर सगळीकडे नाहीत. पुढची सोय नसेल तर स्वॅबचा आग्रह धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोष सापडून पुढे काही करता येत नसेल तर हाती फक्त धास्ती उरते. बोटाने तपासणी मात्र कुठेही होऊ शकते. डॉक्टर ग्लोव्ह्ज घालून, बोटाला जेल लावून, गुदमार्गाची भिंत पूर्ण वर्तुळात चाचपतात आणि टणक गाठ किंवा जखम शोधतात. जास्त धोका असलेल्यांनी ती दरवर्षी मागून घ्यावी.

एचपीव्हीची लस लैंगिक संबंध सुरू होण्याआधी, 9 ते 14 वर्षांच्या वयात, सर्वांत उपयोगी पडते, मुलग्यांनाही. प्रतिकारशक्ती कमी असेल तर तीन डोस लागतात. आधीच शिरलेला विषाणू मात्र लस काढू शकत नाही. कंडोमने धोका घटतो, पण तो झाकत नाही त्या त्वचेवरून संसर्ग होतोच. सिगारेट सोडणं आणि एचआयव्हीची औषधं नियमित घेणं या दोन्हींचा उपयोग होतो.

आणखी एक गैरसमज वारंवार ऐकू येतो: ‘कोलोनोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल आहे.’ त्या तपासणीचा रोख मोठ्या आतड्याकडे असतो. दुर्बीण गुदमार्गातून झटकन पुढे जाते. म्हणून तो अहवाल हातात असला, तरी रक्त किंवा गाठ असेल तर गुदमार्ग वेगळा तपासला का, हे डॉक्टरांना विचाराच.